दहा हजारांच्या आतला पहिला फ्लॅश: गोडॉक्स टीटी ६०० आणि त्याचे भाऊबंद

फ्लॅश घ्यायला निघण्याआधी कॅमेऱ्याच्या डोक्यावरची धातूची खाच, म्हणजे हॉट शू, उजेडात धरून नीट बघा. खाचेच्या मधोमध एक मोठा गोल ठिपका दिसतो का? दिसत असेल तर बाजारातला जवळपास कोणताही साधा फ्लॅश तुमच्या कॅमेऱ्यावर पेटेल. दिसत नसेल तर इथे शिफारस केलेला फ्लॅश कॅमेऱ्यावर चढवूनही गप्प बसेल, आणि दोष ना फ्लॅशचा असेल ना तुमचा. कॅननने आपल्या काही स्वस्त मॉडेलांमधून हा मधला संपर्क काढून टाकला. भारतात ३०००डी आणि २००डी मार्क टू या नावांनी विकले गेलेले कॅमेरे त्यातले. १५००डी असेल तर ऐकीव माहितीवर जाऊ नका, खाच स्वतःच्या डोळ्यांनी बघा. पहिला डीएसएलआर म्हणून हेच कॅमेरे घेतले जातात आणि पहिला फ्लॅशही याच लोकांना हवा असतो, म्हणून ही गोष्ट सगळ्यात आधी.

ठिपका असेल तर आमचं मत सरळ आहे. दहा हजारांच्या आत गोडॉक्स टीटी ६०० घ्या आणि उरलेल्या पैशांत चांगले सेल, चार्जर आणि जमलं तर ट्रिगर, म्हणजे कॅमेऱ्यावर बसवून दूरचा फ्लॅश रेडिओने पेटवणारं यंत्र, घ्या. हा पूर्ण मॅन्युअल फ्लॅश आहे. कॅमेऱ्याशी बोलत नाही, स्वतःहून काही ठरवत नाही. पण डोकं वर उचलतं, बाजूला आणि मागे वळतं, पॉवर पूर्ण ते १/१२८ पर्यंत उतरते आणि पोटात २.४ गिगाहर्ट्झचा रेडिओ आहे. पहिल्या फ्लॅशकडून या तीनच गोष्टी मागाव्यात. बाकीचं खोक्यावर छापायला असतं.

खोक्यावरचा सगळ्यात मोठा आकडा म्हणजे गाइड नंबर ६०. तो वाचताना फसगत होते. गाइड नंबर म्हणजे आयएसओ (सेन्सरची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) १०० वर असताना अंतर मीटरमध्ये गुणिले अॅपर्चर, म्हणजे लेन्सच्या छिद्राचा एफ आकडा. तो ६० असेल तर एफ ६ ला दहा मीटरवरचा माणूस नीट उजळतो. पण हा ६० फ्लॅशचं डोकं २०० मिमीवर झूम केलेलं असतानाचा, म्हणजे सगळा उजेड एका अरुंद झोतात गोळा केल्यावरचा आहे. डोकं ३५ मिमीवर आणलं की या वर्गातल्या फ्लॅशचा आकडा साधारण छत्तिसाच्या आसपास येतो. योंगनुओ वायएन ५६० चा गाइड नंबर ५८ लिहिलेला असतो, पण तो १०५ मिमीवरचा. साठ मोठे की अठ्ठावन्न, ही तुलनाच चुकीची ठरते. दोन फ्लॅशची ताकद तोलायची असेल तर दोघांचे आकडे एकाच झूमवरचे घ्या.

घरातला हिशेब करून बघू. खोलीचा स्लॅब पांढरा आहे आणि साधारण दहा फुटांवर आहे. फ्लॅशचं डोकं वर केलं. उजेड छताला जाऊन चेहऱ्यापर्यंत येताना पाच मीटर चालतो. छत थोडा उजेड पिऊन टाकतं, बाकीचा चहूकडे पसरतो. त्यापोटी दोन स्टॉप धरा; एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट. उजेड चौपट झाला की गाइड नंबर दुप्पट होतो, म्हणून आयएसओ ४०० केल्यावर छत्तिसाचे बहात्तर झाले, दोन स्टॉप गेल्यावर पुन्हा छत्तीस राहिले. छत्तीस भागिले पाच म्हणजे एफ ७ च्या किंचित पुढे. म्हणजे कॅमेऱ्याबरोबर मिळणाऱ्या किट लेन्सच्या एफ ५.६ ला अर्ध्या पॉवरपेक्षा थोडी जास्त लागेल आणि एफ ४ ला पाव पॉवरच्या थोडं वर. बारशाला, घरच्या हळदीला, केळवणाला एवढं पुरून उरतं.

आता हाच फ्लॅश मंगल कार्यालयात न्या. छत वीस फुटांवर आहे आणि उजेडाचा रस्ता बारा मीटरचा झाला. त्याच हिशेबाने आयएसओ ४०० वर पूर्ण पॉवर मारूनही एफ ३ मिळेल. आयएसओ १६०० करा, म्हणजे एफ ४ ला अर्ध्याहून थोड्या कमी पॉवरमध्ये काम भागेल. अशा जागी भिंत जवळ असेल तर छत सोडून डोकं भिंतीकडे वळवा. उजेड बाजूने येतो, नाकाची सावली नैसर्गिक पडते आणि रस्ताही छोटा होतो. मात्र छत किंवा भिंत ज्या रंगाची, त्या रंगाचा उजेड चेहऱ्यावर येणार. केशरी कापडाच्या मांडवाखाली बाउन्स केलेला, म्हणजे उजेड वरून परतवून काढलेला, फोटो नंतर संगणकावर कितीही घासला तरी त्वचेतला तो केशरी जात नाही. जुन्या वाड्याचं लाकडी छत तर उजेड खाऊनच टाकतं. तिथे डोकं सरळ वर ठेवून त्यातलं पांढरं कार्ड बाहेर ओढा आणि माणसाच्या जवळ जा.

उघड्यावर, रात्रीच्या वरातीत, डोक्यावर प्लॅस्टिकची पांढरी डबी लावून फ्लॅश वर करणारे खूप दिसतात. ती डबी उजेड चहूकडे फेकते आणि भिंतीवरून परत आलेला उजेड मऊ दिसतो. वर आकाश आणि बाजूला मोकळं मैदान असेल तर परत यायला काहीच नसतं. डबी स्वतः चेहऱ्याच्या मानाने तेवढीच लहान राहते, त्यामुळे सावली कडकच पडते आणि वर दीड-दोन स्टॉप पॉवर फुकट जाते. उघड्यावर डबी काढून ठेवा.

मॅन्युअल म्हटलं की लोक बिचकतात. पद्धत खरं तर पाच मिनिटांत हातात बसते. कॅमेरा एम (मॅन्युअल) मोडवर ठेवा, ऑटो आयएसओ बंद करा. शटर १/१६०, अॅपर्चर एफ ५.६, आयएसओ ४०० ठेवा. फ्लॅश १/८ वर ठेवून डोकं छताकडे करा. एक फोटो काढा. चेहरा काळा आला तर पॉवर १/४ करा, पांढराफटक आला तर १/१६. फ्लॅशचा उजेड अॅपर्चर, आयएसओ, फ्लॅशची पॉवर आणि अंतर यांनी बदलतो. मागच्या दिव्यांच्या माळा, समया, खिडकीचा उजेड हे शटरने बदलतात. फ्लॅश फार तर १/३०० सेकंदात पेटून विझलेला असतो, शटर १/१६० उघडं असो की १/६०, त्याला फरक पडत नाही. मागची सजावट काळी पडत असेल तर पॉवर न वाढवता शटर १/६० वर आणा. चेहरा तसाच राहील आणि मागचं उजळेल. टीटी ६०० चं झूमही हातानेच लावायचं असतं, लेन्स बदलल्याचं त्याला कळत नाही. लेन्स १८ मिमीवर आणि फ्लॅश १०५ वर राहिला तर मध्ये उजेडाचा गोळा आणि कडा काळ्या येतात.

मग टीटीएल कोणी घ्यावा? ज्याच्यासमोर माणसं सतत पुढेमागे होतात त्याने. वरमाला, अक्षता, वरातीतला नाच यांत दर क्षणी अंतर बदलतं आणि पॉवर फिरवायला सवड नसते. टीटीएलमध्ये फ्लॅश आधी एक छोटी झलक मारतो, कॅमेरा लेन्समधून ती मोजतो आणि खऱ्या फोटोसाठी किती पॉवर लागेल ते सांगतो. गोडॉक्सचा टीटी ६८५ टू हे करतो, झूम लेन्सप्रमाणे आपोआप बदलतो, अंधारात फोकससाठी लाल उजेड टाकतो आणि यूएसबीने फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतलं सॉफ्टवेअर, अद्ययावत करता येतं. किंमत बरीच वर जाते. तो कॅमेऱ्याच्या कंपनीप्रमाणेच घ्यावा लागतो: कॅननला सी, निकॉनला एन, सोनीला एस, फुजीला एफ. उद्या कंपनी बदलली तर कॅमेऱ्यावर बसवून टीटीएल चालणार नाही. टीटीएलही चुकतो. शेजारी पांढरा शालू असेल तर चेहरा काळपट येतो, काळा सूट असेल तर चेहरा जळतो, कारण कॅमेरा सगळ्यांची सरासरी करडी करायला बघतो. शालूला अर्धा ते एक स्टॉप वर, सुटाला तेवढाच खाली, एवढं फ्लॅश कॉम्पेन्सेशन हाताने द्यावंच लागतं. म्हणजे टीटीएल घेतला तरी मॅन्युअल शिकण्यातून सुटका नाही.

मधला ठिपका नसलेल्या कॅननवाल्यांसाठी सी आवृत्तीचा टीटीएल फ्लॅश हाच सरळ रस्ता आहे, कारण तो बाकीच्या छोट्या पिनांवरून कॅमेऱ्याशी बोलतो. दुकानात स्वतःचा कॅमेरा घेऊन जा, फ्लॅश चढवा, चार फोटो काढा आणि मगच पैसे द्या. तेवढं बजेट नसेल तर आडवाटही आहे. कॅमेऱ्याचा आतला फ्लॅश उघडा आणि टीटी ६०० शेजारच्या टेबलावर एस २ मोडमध्ये ठेवा. आतल्या फ्लॅशचा उजेड दिसला की हा पेटतो. एस १ नको, एस २ च हवा. आतला फ्लॅश टीटीएलची ती आधीची झलक मारतो. एस १ मधला फ्लॅश त्या झलकेलाच फसून आधी उडतो आणि खऱ्या फोटोच्या वेळी रिकामा असतो. एस २ पहिली झलक सोडून देतो. उन्हात मात्र हा खेळ भरवशाचा नाही.

फोटोच्या एका कडेला काळा पट्टा आला की फ्लॅश खराब आहे असं समजून दुकानात परत नेणारे बरेच असतात. तो दोष शटरच्या वेगाचा आहे. शटरचे दोन पडदे असतात. ठरावीक वेगापर्यंत, बहुतेक स्वस्त कॅमेऱ्यांत १/२०० पर्यंत, पहिला पडदा पूर्ण उघडून दुसरा सुटायच्या आधी एक क्षण सगळा सेन्सर उघडा असतो. त्यापुढच्या वेगात पहिला पोचायच्या आत दुसरा निघतो आणि सेन्सरवरून नुसती एक फट सरकत जाते. फ्लॅश त्याच क्षणी उडाला तर फटीपुरताच उजेड पडतो. हाय स्पीड सिंक यावर उपाय करतो: फट सरकत असेपर्यंत फ्लॅश अगणित छोटे झटके देत राहतो. त्यात निदान दोन स्टॉप ताकद जाते. टीटी ६०० हे कॅमेऱ्यावर बसून करू शकत नाही, ट्रिगर लावून कॅमेऱ्यापासून दूर ठेवला तरच करतो. निकॉनच्या डी ३५०० सारख्या ३००० आणि ५००० मालिकेतल्या कॅमेऱ्यांत तर हाय स्पीड सिंकची सोयच नाही, कितीही महाग फ्लॅश लावा. भर दुपारी समुद्रकिनाऱ्यावर एफ १.८ ला पोर्ट्रेट काढायचं नसेल तर याची चुटपूट लावून घेऊ नका.

टीटी ६०० ची खरी किंमत ट्रिगर जोडल्यावर वसूल होते. एक्स टू टी किंवा एक्स प्रो, आपल्या कंपनीच्या अक्षराचा, कॅमेऱ्यावर चढवायचा. फ्लॅशवर वायरलेसचं बटन दाबून तो रिसीव्हरवर आणला की फ्लॅशचा स्क्रीन नारिंगी होतो. दोन्हीकडे चॅनल एकच ठेवा, फ्लॅशला ए ग्रुप द्या. आता फ्लॅश सात फुटी स्टँडवर, ब्रॅकेटमध्ये, पांढऱ्या आरपार छत्रीमागे, चेहऱ्यापासून चार-पाच फुटांवर, डोळ्यांच्या थोडा वर ठेवा. छत्री चाळीस इंची असेल तर एका माणसाच्या पोर्ट्रेटला उत्तम उजेड मिळतो, तोही १/१६ च्या आसपास पॉवरवर. वारा असेल तर स्टँडच्या पायाला वाळूची पिशवी नाहीतर पाण्याची पाच लिटरची बाटली बांधा. छत्री म्हणजे शीडच, एका झुळकीत फ्लॅशसकट आडवी होते आणि पहिला मार फ्लॅशच्या पायाला बसतो.

ट्रिगर आणि फ्लॅश अगदी शेजारी, एक मीटरच्या आत असले तर कधी फ्लॅश उडत नाही. ट्रिगरच्या सेटिंगमध्ये अंतर ० ते ३० मीटर निवडलं की बहुतेक वेळा प्रश्न सुटतो. लग्नात दुसऱ्या फोटोग्राफरकडेही गोडॉक्सच असेल तर तुमचा फ्लॅश त्याच्या क्लिकवर उडू लागतो. चॅनल बदला.

पर्यायांचं थोडक्यात. योंगनुओ वायएन ५६० फोर हा टीटी ६०० चा जुना आणि तगडा स्पर्धक आहे. टीटी ६०० प्रमाणे त्यातही रिसीव्हरबरोबर ट्रान्समीटर आहे, म्हणजे एक कॅमेऱ्यावर ठेवून दुसऱ्याला उडवता येतं. हाय स्पीड सिंक कुठल्याच वाटेने नाही, आणि त्याचा रेडिओ गोडॉक्सशी बोलत नाही. आधीच योंगनुओ असेल तर दुसरा तोच घ्या. नव्याने सुरुवात असेल तर गोडॉक्स, कारण पुढे त्याच ट्रिगरवर मोठे बॅटरीवाले स्टुडिओ लाइटही चालतात. गोडॉक्सचा टीटी ३५० छोट्या मिररलेसवर, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यावर, शोभतो आणि टीटीएलही देतो, पण दोनच सेलांवर चालतो आणि गाइड नंबर १०५ मिमीवर ३६, म्हणजे कार्यालयाच्या छताला तो पुरा पडत नाही. मिररलेस घेणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की करावी: सोनीच्या झेडव्ही-ई १० मार्क टू मध्ये यांत्रिक शटरच नाही, त्यावर फ्लॅश चालत नाही. डिजिटेक, सिंपेक्स अशा नावांनी मिळणाऱ्या फ्लॅशमध्ये डोकं वळतं का आणि पॉवर पायऱ्यांनी उतरते का, एवढं आधी बघा. नुसतं वर होणारं, बाजूला न वळणारं डोकं असेल तर उभा फोटो काढताना छतावरून बाउन्स करता येत नाही, कारण कॅमेरा उभा धरला की डोकं भिंतीकडे जातं.

आता सेल. चांगला फ्लॅश घेऊन त्यात पानाच्या टपरीवरचे साधे सेल घालणं म्हणजे नव्या गाडीत भेसळीचं पेट्रोल. फ्लॅशला एका झटक्यात खूप करंट लागतो आणि अल्कलाइन सेलाचा आतला रोध जास्त असल्याने तो पटकन देऊ शकत नाही. सुरुवातीला बरं चालतं, मग दोन उड्यांमधला वेळ वाढत जातो आणि सेल तापतात. रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइड घ्या, एनेलूपसारखे चार्ज धरून ठेवणारे, २००० एमएएचच्या आसपासचे. आकड्यावर १.५ ऐवजी १.२ व्होल्ट दिसला म्हणून घाबरू नका, फ्लॅशला तेच मानवतात. गोडॉक्सच्या सांगण्यानुसार २५०० एमएएचच्या चार सेलांवर साधारण २३० पूर्ण पॉवरचे फ्लॅश मिळतात आणि पूर्ण पॉवरनंतर २.६ सेकंदांत पुन्हा भरतो. पाव पॉवरवर काम केलंत तर हा आकडा जवळपास चौपट होतो. चारचे दोन संच ठेवा, रबराने बांधा, एकत्र चार्ज करा, एकत्र वापरा. तीन नवे आणि एक जुना असं केलं तर जुना सेल आधी संपून उलटा चार्ज होतो आणि कायमचा जातो. चार्जर प्रत्येक सेल वेगळा मोजणारा हवा. रात्रभर लावून ठेवायचा तो स्वस्त चार्जर सेल उकडून मारतो.

पूर्ण पॉवरचे सलग तीस झटके झाले की दहा मिनिटं विश्रांती द्या. आत उष्णतेचं संरक्षण आहे, पण त्याच्या भरवशावर काम करू नका. पुढची पारदर्शक काच म्हणजे प्लॅस्टिकच, जास्त तापली की पिवळी पडून चुरमुडते. वरातीत हात सैल सोडून पूर्ण पॉवर मारत बसण्यापेक्षा आयएसओ एक स्टॉप वाढवा, फ्लॅशचं काम निम्मं होतं.

फ्लॅश उडत नसेल तर दुकान गाठण्याआधी या क्रमाने बघा. पाय शूमध्ये शेवटपर्यंत सरकलाय का. अर्धा मिलिमीटर मागे राहिला तरी पिन जुळत नाही. कॅमेरा सायलेंट किंवा इलेक्ट्रॉनिक शटरवर आहे का. कॅनन डीएसएलआरवर लाइव्ह व्ह्यूमधला सायलेंट मोड बंद आहे का. तो चालू असताना दुसऱ्या कंपनीचा फ्लॅश पेटत नाही. मेनूत फ्लॅश फायरिंग बंद केलंय का. सोनीवर फ्लॅश उडतो पण कॅमेऱ्याचा स्क्रीन काळाकुट्ट दिसतो, तिथे लाइव्ह व्ह्यूमधला सेटिंग इफेक्ट बंद करा.

मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजारात किंवा आणखी कुठे जुना फ्लॅश घेत असाल तर स्वतःचे भरलेले चार सेल बरोबर न्या. सेलाचं झाकण उघडून स्प्रिंगवर हिरवट-पांढरी पूड आहे का बघा, असेल तर आत सेल फुटून गळलाय. ट्यूबची टोकं काळी पडली आहेत का बघा. मग पूर्ण पॉवरवर सलग दहा वेळा टेस्टचं बटन दाबा. प्रत्येक वेळी बारीक शिटी ऐकू येईल, ती चढत जाऊन थांबेल आणि दिवा लाल होईल. दहाव्या वेळीही हे तीन सेकंदांच्या आसपास व्हायला हवं. शेवटी १/१२८ वर दोनदा मारा. काही थकलेले फ्लॅश पूर्ण पॉवरला ठीक असतात आणि खालच्या पॉवरला चुकतात.

घरातल्या कपाटातला फिल्मच्या काळातला फ्लॅश मात्र नव्या कॅमेऱ्यावर चढवू नका. विविटार २८३ च्या जुन्या आवृत्त्यांसारख्या काहींच्या पिनेवर दोनशे व्होल्टच्या वर दाब असतो आणि कॅमेऱ्याचं सर्किट त्याने जळू शकतं. मोजायचंच असेल तर फ्लॅश चालू करून, पूर्ण भरल्यावर, मल्टिमीटर डीसीवर ठेवून मधली पिन आणि कडेची धातूची पट्टी यांच्यामध्ये लावा. चोविसाच्या वर आकडा दिसला तर तो फ्लॅश कॅमेऱ्यावर नको. बिघडलेला फ्लॅश घरी उघडू नका. सेल काढल्यावरही आतला कपॅसिटर तीनशे व्होल्टच्या आसपास भरलेला राहू शकतो.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणपट्टीत, फ्लॅश सेल काढूनच ठेवा, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर. महिन्यातून एकदा सेल घालून, पूर्ण भरू देऊन चार-पाच वेळा उडवा. वर्षभर न वापरलेला कपॅसिटर सुस्तावतो आणि पहिल्यांदा चालू केल्यावर भरायला खूप वेळ घेतो. थोडा वेळ चालू ठेवून मगच उडवा, सुरुवात कमी पॉवरने करा.